खुब्याच्या फ्रॅक्चरनंतर हाडांच्या ठिसूळतेवर उपचार : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्या ज्येष्ठांची चिठ्ठी घेऊन घरची मंडळी आमच्या औषधालयात येतात, तेव्हा तीत वेदनाशामक गोळ्या आणि कॅल्शियम असते, परंतु ऑस्टिओपोरोसिसवरचे (हाडे ठिसूळ होण्याच्या आजारावरचे) औषध पुष्कळदा नसते. शस्त्रक्रियेने मोडलेले हाड जोडले जाते. हाडांचा ठिसूळपणा मात्र तसाच राहतो.

पावसात शेवाळलेल्या अंगणात किंवा न्हाणीघरात नुसता पाय घसरून पडल्याने निरोगी हाड सहसा मोडत नाही. म्हणून उतारवयात असे खुब्याचे हाड मोडले, तर बहुधा तेवढ्यावरूनच ऑस्टिओपोरोसिसचे निदान करता येते. डेक्सा तपासणीत (हाडांची घनता मोजणाऱ्या क्ष-किरण तपासणीत) टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेतील घनतेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली आल्यास त्यास दुजोरा मिळतो. तथापि ती तपासणी राहिली म्हणून उपचार लांबवू नयेत. रक्तातील कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम दाखवणारे) आणि थायरॉईड यांची तपासणी मात्र आधी व्हावी. दम्यासाठी वा सांधेदुखीसाठी स्टेरॉईड घेतले असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे.

अलेंड्रोनेट या ऑस्टिओपोरोसिसवरील औषधाची 70 मिलिग्रॅमची गोळी आठवड्यातून एकदा, सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्यासोबत घ्यावी आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये, अन्यथा अन्ननलिकेला इजा होऊ शकते. (चहासोबत घेतलेली गोळी जवळजवळ वाया जाते.) ज्यांना हे जमत नाही, त्यांच्यासाठी झोलेड्रोनिक ॲसिड वर्षातून एकदा शिरेवाटे देतात. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, खुब्याच्या फ्रॅक्चरच्या शस्त्रक्रियेनंतर 90 दिवसांच्या आत ते दिलेल्या रुग्णांत नव्या फ्रॅक्चरचे प्रमाण 35 टक्क्यांनी, तर मृत्यूचे 28 टक्क्यांनी कमी आढळले. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन दिवस ताप व अंगदुखी होऊ शकते. मूत्रपिंड फार कमजोर असल्यास किंवा ड जीवनसत्त्वाची उणीव भरून काढलेली नसल्यास हे औषध देत नाहीत.

नाचण्याचे तिजाण (नाचणीची पेज), तारले (मासे) व सुके गालमो (सुका जवळा) आहारात जरूर असावेत, परंतु ते औषधाची जागा घेऊ शकत नाहीत.

डेनोसुमॅब या ऑस्टिओपोरोसिसवरील आणखी एका औषधाचे इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असते. ते मध्येच बंद केल्यास मणक्यांची हाडे मोडण्याचा धोका वाढतो, म्हणून पुढची तारीख चुकवू नये आणि थांबवायचे झाल्यास त्याऐवजी कोणते औषध घ्यायचे हे आधीच डॉक्टरांना विचारावे. हे इंजेक्शन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. नेताना बर्फाची पेटी आणावी.