आय-सेव्हन म्हणजे नेमकं किती वॅटचं?

घरातल्या इस्त्रीचा तळ साधारण २०० चौरस सेंटिमीटरचा असतो आणि ती १००० वॅटची असते. म्हणजे एका चौरस सेंटिमीटरमागे ५ वॅट. आता इंटेलचा कोअर आय९-१३९००के हा डेस्कटॉपचा प्रोसेसर घ्या. त्याच्या आतली सिलिकॉनची चिप जेमतेम अडीच चौरस सेंटिमीटरची, अंगठ्याच्या नखाएवढी. पूर्ण जोरात चालताना ती २५३ वॅटपर्यंत जाते. चौरस सेंटिमीटरमागे १०० वॅट, इस्त्रीच्या वीसपट! आणि ही वीज जवळजवळ सगळीच्या सगळी उष्णता होऊन बाहेर पडते.

लॅपटॉप आणि डेस्कटॉप यांच्या वेगातला फरक, आणि ‘आय-सेव्हन’ या एकाच नावामागे इतके वेगळे प्रोसेसर कसे, हे समजून घ्यायचं तर सुरुवात या उष्णतेपासूनच करायला हवी. डेस्कटॉपच्या डब्यात तळहाताएवढा पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांचा जाडजूड ठोकळा बसतो. लॅपटॉपला दोन सेंटिमीटर जाडीत स्क्रीन, बॅटरी, कीबोर्ड मावून उरलेल्या फटीत चपट्या तांब्याच्या नळ्या आणि बारीक पंखे बसवावे लागतात. चिप १०० अंशांच्या आसपास पोचली की स्वतःच वेग कमी करते. त्यामुळे कोण किती धावेल हे बऱ्याचदा चिपपेक्षा तिच्याभोवतीचा डबा ठरवतो.

याचं चांगलं उदाहरण म्हणजे आय९-१३९८०एचएक्स. हा लॅपटॉपचा प्रोसेसर, पण कोअर (चिपमधले स्वतंत्रपणे काम करणारे भाग) तेवढेच: ८ मोठे म्हणजे वेगवान, १६ लहान म्हणजे काटकसरी, अगदी १३९००केसारखे. कमाल वेग ५.६ गिगाहर्ट्‌झ, डेस्कटॉपवाल्याचा ५.८. मूळ वीजमर्यादा (सलग चालताना धरलेली) मात्र १२५ ऐवजी ५५ वॅट आणि कमाल मर्यादा २५३ ऐवजी १५७. एकाच कोअरवर चालणारं काम दिलं तर दोघांत फारसा फरक दिसत नाही, कारण एका कोअरला पुरेल एवढी वीज दोघांकडेही असते. चोवीसच्या चोवीस कोअर अर्धा तास राबणार असतील, उदाहरणार्थ लांबलचक व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा असेल, तेव्हा डेस्कटॉप पुढे निघून जातो.

पण किती पुढे? वीज निम्मी म्हणजे वेगही निम्मा, असा हिशेब इथे लागत नाही, आणि मला या विषयातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. चिपला लागणारी वीज वारंवारतेच्या (म्हणजे गिगाहर्ट्‌झमधल्या वेगाच्या) पटीत वाढते, शिवाय व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीतही वाढते. वारंवारता वाढवायची तर व्होल्टेजही वाढवावं लागतं. दोन्ही साधारण एकाच प्रमाणात वाढतात असं धरलं, तर वीज वेगाच्या घनाच्या पटीत जाते. उलटं पाहा: वेग २० टक्क्यांनी उतरवला तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे सुमारे ०.५१. ऐंशी टक्के वेग, निम्म्या विजेत. लॅपटॉपचे प्रोसेसर तगतात ते या गणितावर. डेस्कटॉप मात्र शेवटच्या थोड्याशा वेगासाठी भरमसाट वीज मोजतो.

हे गणित दुर्लक्षून इंटेलचा जुना डेस्कटॉप प्रोसेसर पेंटियम ४ निव्वळ गिगाहर्ट्‌झच्या मागे धावला, ३.८ पर्यंत पोचला आणि तिथेच अडला. ४ गिगाहर्ट्‌झचं ठरलेलं मॉडेल इंटेलने २००४ मध्ये रद्द केलं. त्याच सुमारास इंटेलच्या इस्रायलमधल्या हैफा इथल्या गटाने लॅपटॉपसाठी बनवलेला पेंटियम एम (२००३) खूप कमी गिगाहर्ट्‌झवर, २५ वॅटच्या आसपास, तोडीस तोड काम करत होता. पुढे २००६ मध्ये डेस्कटॉपवरही कोअर २ ड्युओ हा प्रोसेसर आला, तो याच घराण्यातला.

खरी फसगत होते ती नावांमुळे. इंटेलच्या तेराव्या पिढीतला आय७-१३७०० हा डेस्कटॉपचा: ८ मोठे कोअर, ८ लहान, मूळ मर्यादा ६५ वॅट. आय७-१३५५यू हा पातळ लॅपटॉपमधला: मोठे कोअर फक्त २, लहान ८, मूळ मर्यादा १५ वॅट. दोन्हीवर स्टिकर आय-सेव्हनचं. कागदावर कमाल वेगही जवळजवळ सारखाच, ५.२ आणि ५ गिगाहर्ट्‌झ. हे नामकरण सामान्य ग्राहकावर अन्याय करणारं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. शेवटची अक्षरं वाचा: यू म्हणजे काटकसरीचा, एच आणि एचएक्स दणकट, के डेस्कटॉपचा. त्याहीपुढे, तो विशिष्ट लॅपटॉप सलग चालताना किती वॅट पेलतो ते विचारा, कारण एकच प्रोसेसर दोन कंपन्यांच्या लॅपटॉपमध्ये वेगवेगळ्या वेगाने चालतो. चाचण्या बघताना दोन मिनिटांची आणि अर्ध्या तासाची अशा दोन्ही बघा. पहिली काही सेकंदं चिपला मूळ मर्यादेबाहेर जायची मुभा असते; छोट्या चाचणीत तेवढाच झपाटा दिसतो.

ॲपलने २०२० मध्ये एम१ ही एकच चिप पंखा नसलेल्या मॅकबुक एअरमध्ये आणि पंखा असलेल्या मॅक मिनी या डेस्कटॉपमध्ये घातली, तेव्हा हाच प्रयोग आयता झाला. छोट्या कामांत दोघे बरोबरीत. भारी काम लांबलं की काही मिनिटांनी एअर मंदावते.

आणि आपल्याकडचा उन्हाळा. खोली २५ अंश असेल तर १०० अंशांच्या मर्यादेपर्यंत ७५ अंशांचा वाव असतो. मे महिन्यात नागपुरात बंद खोली ४२ अंशांवर गेली की उरतात ५८. बाहेर फेकता येणारी उष्णता साधारण या वावाच्या प्रमाणात असते, म्हणजे जवळजवळ चौथा हिस्सा तिथेच गेला. मोठा पंखा आणि ठोकळा असलेला डेस्कटॉप हे बऱ्याचदा सोसून घेतो. लॅपटॉप आधीच काठावर चालत असतो. तो गादीवर ठेवून खालची जाळी बुजवली, तर उरलेला वावही जातो.