सदोष माळा परत मागवायच्या, पण कोणी आणि कुणाकडून?

गणपती तोंडावर आले की पुण्यात बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत पाय ठेवायला जागा उरत नाही, आणि ही गर्दी थेट दिवाळीपर्यंत टिकते. एलईडीच्या माळा, पडदे, रोप लाइट ढिगाने खपतात. त्यातली एखादी जात सदोष निघाली, तापून वितळू लागली किंवा हात लावताच झटका देऊ लागली, तर ज्या ज्या घरी ती गेली तिथून ती परत मागवता येईल का? कायद्याचं उत्तर 'हो' असं आहे. तरीही हे घडताना दिसत नाही. त्याची कारणं बरीच मागची आहेत.

विजेच्या दिव्यांनी सजलेलं पहिलं नाताळचं झाड १८८२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये उभं राहिलं. एडिसनचा सहकारी एडवर्ड जॉन्सन याने त्यावर लाल, पांढरे आणि निळे असे ८० दिवे लावले होते. तोवर झाडावर मेणबत्त्या लावत आणि त्यांनी घरं पेटत, त्यामुळे वीज हा सुरक्षित पर्याय वाटला. पण विजेच्या तारांनीही आगी लागू लागल्या आणि त्याचा पहिला चटका बसला विमा कंपन्यांना. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनातली प्रचंड रोषणाई पाहून त्या धास्तावल्या होत्या. तिथली तपासणी करणाऱ्या विल्यम मेरिल या तरुण अभियंत्याने १८९४ मध्ये एक प्रयोगशाळा सुरू केली. तीच आजची अंडररायटर्स लॅबोरेटरीज, म्हणजे 'यूएल'. तिकडच्या माळांच्या तारेवर या संस्थेचं चकाकतं लेबल असतं. लाल असेल तर माळ घरात आणि बाहेर दोन्हीकडे चालते, हिरवं असेल तर फक्त घरात.

सरकार या कामात बरंच उशिरा उतरलं. अमेरिकेत ग्राहकवस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा १९७२ मध्ये झाला आणि त्यातून धोकादायक माल परत घ्यायला लावणारा आयोग आला. सणासुदीच्या दिव्यांबाबत या आयोगाने २०१५ मध्ये एक नियम केला. तार पुरेशी जाड हवी, ती ओढली गेली तरी सांध्यावर ताण येऊ नये अशी पकड हवी आणि जादा प्रवाह रोखणारा फ्यूज हवा. यातलं एक जरी नसलं तरी माळ धोकादायकच धरायची, अपघाताची वाट बघायची नाही.

या तीन अटी आपल्याकडच्या स्वस्त माळेला लावून बघा. दोन पिनांच्या प्लगमध्ये फ्यूज नसतो. कंट्रोलरची छोटी डबी उघडली तर आत बोटभर पट्टी, चार-दोन सुटे भाग आणि थेट डाग देऊन जोडलेली केसासारखी तार दिसते. तारेला साधी गाठही मारलेली नसते, त्यामुळे जरा ओढली की डाग सुटतो. एलईडी तापत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण अशा बहुतेक माळांत व्होल्टेज उतरवणारा ट्रान्सफॉर्मर नसतो, आणि उघड्या पडलेल्या तारेत घरातली २३० व्होल्टची वीज थेट खेळत असते.

जुन्या बल्बच्या माळेचा धोका वेगळा होता. सहा व्होल्टचे पस्तीस-चाळीस बल्ब एकापुढे एक जोडलेले असत. एक उडाला की अख्खी माळ बंद. मग घरोघरी तो बल्ब काढून तारा पिळून जोडत. अशा दर दुरुस्तीगणिक उरलेल्या बल्बांच्या वाट्याला जास्त व्होल्टेज येई आणि ते अधिकाधिक तापत.

ग्राहक चळवळीत पुणं मागे नव्हतं. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ मध्ये इथेच ग्राहक पंचायत सुरू केली. देशाचा ग्राहक संरक्षण कायदा १९८६ मध्ये आला आणि १९९३ च्या दुरुस्तीने धोकादायक वस्तूंची विक्री थांबवण्याचा आदेश देण्याचा अधिकार ग्राहक मंचांना मिळाला. दुकानातला माल त्यामुळे थांबू शकत होता, घरात पोचलेल्या मालाचा प्रश्न तसाच राहिला. घरातला माल परत मागवण्याचा अधिकार पुढे २०१६ चा भारतीय मानक ब्युरो कायदा आणि २०१९ चा नवा ग्राहक कायदा यांनी दिला. नव्या कायद्यातलं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण जुलै २०२० मध्ये अस्तित्वात आलं. असुरक्षित वस्तू परत मागवून ग्राहकाचे पैसे परत द्यायला लावणं त्याच्या हाती आहे.

हा अधिकार कसा वापरता येतो, ते २०२२ मध्ये प्रेशर कुकरच्या प्रकरणात दिसलं. मानकात न बसणारे २,२६५ कुकर विकल्याबद्दल प्राधिकरणाने एका बड्या ऑनलाइन बाजारपेठेला एक लाखाचा दंड केला. खरेदीदारांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या, असा आदेश दिला. असा नेमका आकडा आदेशात येऊ शकला, कारण प्रत्येक विक्रीची नोंद होती.

माझ्या मते माळांचं घोडं इथेच अडतं. खोक्यावर उत्पादकाचं नाव नाही, आयातदाराचा पत्ता नाही, बॅच नंबर नाही, आणि बिल मागितलं तर कच्च्या चिठ्ठीवर रक्कम मिळते. गल्लीतल्या दुकानदाराला एकट्याला दोषी धरणं मला पटत नाही. त्यालाही घाऊक माल असाच बेनाव येतो. मंडळांची गोष्ट आणखी अवघड, कारण तिथे लाइटवाल्याच्या त्याच माळा टेप मारून मारून वर्षानुवर्षं फिरत असतात. महावितरण दरवर्षी मंडळांना अधिकृत तात्पुरती जोडणी घ्यायला सांगतं, ते गरजेचंच आहे. पण त्या जोडणीवरून माळ कुठून आली हे कळत नाही.

एलईडीच्या माळा सक्तीच्या नोंदणीच्या यादीत २०१७ मध्येच आल्या आहेत. नोंदलेल्या मालावर मानक ब्युरोचं चिन्ह आणि 'आर' अक्षराने सुरू होणारा आठ आकडी क्रमांक असायला हवा. तो ब्युरोच्या 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घातला की उत्पादकाचं नाव आणि पत्ता मिळतो. क्रमांकच नसेल तर त्याच ॲपवरून तक्रार करता येते.