ब्रिस्टल सोडून गेलेले चेहरे : ईएसपीएनमधल्या गळतीची पार्श्वभूमी

३० जून २०२३ या एकाच दिवशी ईएसपीएन या अमेरिकी क्रीडावाहिनीने पडद्यावरच्या सुमारे वीस जणांना निरोप दिला. जेफ व्हॅन गंडी, सुझी कोलबर, जेलन रोझ, मॅक्स केलरमन, कीशॉन जॉन्सन, स्टीव्ह यंग, टॉड मॅकशे ही अमेरिकी क्रीडारसिकांच्या घरात वर्षानुवर्षं वावरलेली नावं. कोलबर यांनी तिथे सत्तावीस वर्षं काढली होती. व्हॅन गंडी २००७ पासून एनबीए या बास्केटबॉल लीगच्या मोठ्या सामन्यांचा आवाज होते. त्या यादीनंतरही ओघ थांबलेला नाही. २०२४ मध्ये एनबीएचे बातमीदार एड्रियन वोजनारोवस्की आणि लेखक झॅक लो गेले, २०२५ मध्ये चर्चेच्या कार्यक्रमांचे सूत्रधार टोनी रियाली आणि मॉली केरिम.

असं कुणी गेलं की चर्चा रंगते ती कोण काय बोललं, कुणी कुणाला दुखावलं, कुणी किती पैसे मागितले याची. ती भांडणं खोटी नव्हती. पण त्यांच्या खाली एक हिशेब आहे, आणि तो कळला की ही सगळी नावं एका सूत्रात येतात.

कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिस्टल या छोट्या गावात ७ सप्टेंबर १९७९ रोजी ही वाहिनी सुरू झाली. बिल रॅसमसेन यांची एका हॉकी संघातली नोकरी गेली होती. मुलगा स्कॉट याला सोबत घेऊन त्यांनी चोवीस तास फक्त खेळ दाखवण्याची कल्पना मांडली तेव्हा ती बहुतेकांना वेडेपणाची वाटली. पैसा आला गेटी ऑइल या तेल कंपनीकडून, आणि पैशाबरोबर सूत्रंही तिच्याकडे गेली. कारभार पाहायला एनबीसी या मोठ्या वाहिनीतून चेट सिमन्स यांना आणलं गेलं आणि थोड्याच काळात रॅसमसेन बाजूला पडले, मग बाहेरच गेले. या वाहिनीतून गेलेलं पहिलं मोठं नाव तिच्या संस्थापकाचं आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या इतिहासाकडे पाहताना ध्यानात ठेवावी अशी आहे.

पहिल्या महिन्यातच दाखल झालेले निवेदक ख्रिस बर्मन मात्र आजही तिथे आहेत आणि त्यांचा करार २०२९ पर्यंत वाढवलेला आहे. त्यांच्यासारखे अपवाद थोडे. ब्रिस्टलमधला अलिखित नियम होता की वाहिनीच्या नावापेक्षा कुणीही मोठं नाही. माणसं येतील, जातील, 'स्पोर्ट्ससेंटर' हा रोजचा क्रीडाबातम्यांचा कार्यक्रम चालूच राहील.

गंमत अशी की माणसांना मोठं केलं तेही वाहिनीनेच. १९९२ नंतर कीथ ओल्बरमन आणि डॅन पॅट्रिक ही जोडी रात्री अकराचं 'स्पोर्ट्ससेंटर' सादर करू लागली. सामन्यांची क्षणचित्रं दाखवताना त्यांनी जी भाषा वापरली, तीत वाङ्मयाचे संदर्भ होते, कोट्या होत्या, आणि खेळाची नेमकी जाणही होती. निकाल आधीच ठाऊक असलेले लोकही ते ऐकायला जागे राहत. १९९५ पासून वाहिनीने याच निवेदकांना घेऊन जाहिरातींची मालिका काढली, त्यात ते कार्यालयात खेळाडूंबरोबर साध्या सहकाऱ्यासारखे वावरताना दिसत. निवेदक घराघरांत पोचले. मग त्यांना आपलं मोलही कळलं.

ओल्बरमन यांचं वरिष्ठांशी कधीच जमलं नाही. १९९७ मध्ये ते परवानगी न घेता दुसऱ्या वाहिनीवरच्या एका विनोदी कार्यक्रमात गेले, तिथे ब्रिस्टलला देवानेही टाकून दिलेलं गाव म्हणाले, आणि दोन आठवड्यांसाठी निलंबित झाले. त्याच वर्षी ते गेले. त्याआधी १९९६ मध्ये दुसरा निवेदक क्रेग किलबॉर्न गेला होता. पुढे २००३ मध्ये रिच आयझन एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगच्या स्वतःच्या वाहिनीकडे, २००५ मध्ये रॉबिन रॉबर्ट्स एबीसी वाहिनीच्या सकाळच्या कार्यक्रमाकडे पूर्णवेळ, २००७ मध्ये अठरा वर्षांनी डॅन पॅट्रिक स्वतःच्या रेडिओ कार्यक्रमाकडे. प्रत्येक वेळी लोक हळहळले आणि प्रत्येक वेळी वाहिनीचा धंदा वाढतच राहिला. नियम खरा ठरत होता.

तो खरा का ठरत होता? कारण ईएसपीएनचं मुख्य उत्पन्न जाहिरातींपेक्षा केबलच्या मासिक बिलातून येत असे. अमेरिकेत केबल घेणारं घर ठरावीक वाहिन्यांचा गठ्ठा घेई आणि त्या गठ्ठ्यात ईएसपीएन असेच. २०१५ च्या सुमारास तिच्यासाठी दर घरामागे महिन्याला साडेसहा डॉलरच्या आसपास रक्कम केबल कंपन्यांकडून मिळे, इतर कुठल्याही वाहिनीपेक्षा कितीतरी जास्त. खेळाकडे ढुंकूनही न पाहणारी आजीसुद्धा ते पैसे भरत होती. घरं नऊ कोटींहून अधिक. वर्षाचा गुणाकार सात अब्ज डॉलरपर्यंत जातो. असा पैसा येत असताना एखादा ओल्बरमन गेला म्हणून कुणाचं बिल कमी होत नव्हतं.

२०११ मध्ये ही घरांची संख्या दहा कोटींवर पोचली होती. तिथून उतार लागला. लोक केबल तोडून इंटरनेटवर पाहू लागले. दहा लाख घरं गेली की वर्षाला जवळपास आठ कोटी डॉलर गेले, आणि घरं लाखांनी जात होती. त्याच काळात वाहिनीने सामन्यांच्या हक्कांसाठी प्रचंड रकमा कबूल केल्या होत्या. एनएफएलच्या सोमवार रात्रीच्या सामन्यांसाठी वर्षाला १.९ अब्ज डॉलर, २०१६-१७ च्या हंगामापासून एनबीएसाठी सुमारे १.४ अब्ज. हे करार मोडता येत नाहीत, आणि सामनेच नसतील तर वाहिनी कशाची? ऑगस्ट २०१५ मध्ये डिस्नीचे प्रमुख बॉब आयगर यांनी ग्राहक काही प्रमाणात घटल्याचं मान्य केलं आणि दुसऱ्या दिवशी डिस्नीचा समभाग नऊ टक्क्यांनी कोसळला. डिस्नी १९९६ पासून ईएसपीएनची मुख्य मालक. तिथून पुढे कापता येण्याजोगा एकच खर्च उरला, माणसांचा.

आपल्याकडे ईएसपीएन १९९५ मध्ये आली, पुढे स्टारबरोबर भागीदारी झाली, आणि हर्षा भोगले यांचा आवाज मराठी घरांत पोचला तो मुख्यतः त्याच पडद्यावरून. २०१२ मध्ये ती भागीदारी संपली. भारतात समालोचकाच्या जाण्यामागची कारणं मात्र वेगळी राहिली आहेत. २०१६ मध्ये आयपीएलच्या तोंडावर भोगले आणि मार्च २०२० मध्ये मुंबईकर संजय मांजरेकर बाजूला झाले, तेव्हा निर्णय क्रिकेट मंडळाचा होता. अमेरिकेतली गोष्ट वाहिनीच्या ताळेबंदाची आहे, ती इथल्या अनुभवाने मोजू नये.

क्रीडालेखक बिल सिमन्स यांच्या जाण्यात भांडण आणि ताळेबंद दोन्ही एकत्र दिसतात. २००१ पासून ते ईएसपीएनच्या संकेतस्थळावर लिहीत. पत्रकार कक्षात बसून लिहिणाऱ्याची भाषा त्यांनी टाकली आणि बॉस्टनच्या संघांवर जीव लावणाऱ्या चाहत्याच्या आवाजात लिहिलं. '३० फॉर ३०' ही माहितीपटांची मालिका त्यांच्या कल्पनेतून निघाली. २०११ मध्ये त्यांनी ईएसपीएनसाठी 'ग्रँटलँड' हे संकेतस्थळ सुरू केलं. खेळ आणि लोकप्रिय संस्कृतीवर दीर्घ, निवांत, अभ्यासू लेखन तिथे येई. अशा लेखनाला पैसे देणारी जागा दुर्मीळ असते आणि ईएसपीएनने ती दिली होती, याचं श्रेय तिला द्यायलाच हवं. सप्टेंबर २०१४ मध्ये सिमन्स यांनी आपल्या पॉडकास्टमध्ये एनएफएलचे आयुक्त रॉजर गुडेल यांना खोटारडे म्हटलं आणि वरिष्ठांनी आपल्यावर कारवाई करूनच दाखवावी असं आव्हानही दिलं. तीन आठवड्यांचं निलंबन झालं. एनएफएल म्हणजे ज्यांना वर्षाला जवळपास दोन अब्ज द्यायचे ते भागीदार, हे लक्षात घेतलं तर त्या निलंबनाचा अर्थ लागतो. मे २०१५ मध्ये अध्यक्ष जॉन स्किपर यांनी करार वाढवणार नसल्याचं न्यूयॉर्क टाइम्सला सांगितलं. ऑक्टोबरमध्ये सुमारे ३०० कर्मचारी कमी झाले आणि ३० तारखेला 'ग्रँटलँड' बंद झालं.

मात्र या वेळी जुना नियम मोडला. सिमन्स यांनी २०१६ मध्ये 'द रिंगर' हे स्वतःचं संकेतस्थळ काढलं, पॉडकास्टवर भर दिला, आणि २०२० मध्ये स्पॉटिफायने ते विकत घेतलं. इंटरनेटवर श्रोता माणसामागे जातो, हे सगळ्यांना दिसलं. ईएसपीएनचे कॉलिन काउहर्ड आणि स्किप बेलेस फॉक्स या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे गेले, समालोचक माइक टिरिको एनबीसीकडे.

माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान झालं ते २६ एप्रिल २०१७ रोजी. त्या दिवशी सुमारे शंभर जणांना काढलं गेलं आणि त्यांतले पुष्कळसे वार्ताहर होते. एड वर्डर डॅलस काउबॉइज या एनएफएल संघाचं वार्तांकन करत. जेसन स्टार्क यांना बेसबॉलच्या आकडेवारीतून गोष्ट काढण्याची विलक्षण हातोटी होती. मार्क स्टाइन एनबीएवर लिहीत. बर्फावरच्या हॉकीचे हक्क वाहिनीकडे नव्हते, म्हणून स्कॉट बर्नसाइड आणि पियरे लेब्रुन यांच्यासारखे त्या खेळाचे जाणकारही गेले. जे सामने आपण दाखवत नाही त्यांची बातमी तरी कशाला, असा तो विचार होता. मला तो पटत नाही. हक्क विकत घेता येतात. खेळाडूंच्या खोलीबाहेर वीस वर्षं उभं राहून मिळवलेला विश्वास विकत मिळत नाही. स्टाइन यांना न्यूयॉर्क टाइम्सने घेतलं, स्टार्क आणि लेब्रुन 'द ॲथलेटिक' या क्रीडा संकेतस्थळात गेले, आणि ज्या स्टार्क यांना काढलं त्यांना २०१९ चा बेसबॉल लेखकांचा सर्वोच्च सन्मान मिळाला. वर्डर यांना दोन वर्षांनी परत बोलावलं गेलं. नोव्हेंबर २०१७ मध्ये आणखी १५० जण गेले, ते पडद्यामागचे, त्यामुळे त्यांची नावं कुणी छापली नाहीत.

याच वर्षात राजकारणही शिरलं. ते अगदीच नवं नव्हतं. २००३ मध्ये राजकीय भाष्यकार रश लिंबॉ यांना एका कृष्णवर्णीय क्वार्टरबॅकवरच्या, म्हणजे फुटबॉल संघाचा डाव चालवणाऱ्या खेळाडूवरच्या, वक्तव्यानंतर वाहिनीतून राजीनामा द्यावा लागला होता आणि २०१६ मध्ये माजी बेसबॉलपटू कर्ट शिलिंग यांना समाजमाध्यमावरच्या मजकुरामुळे काढलं होतं. सप्टेंबर २०१७ मध्ये निवेदिका जेमेल हिल यांनी अध्यक्ष ट्रम्प यांना श्वेतवर्चस्ववादी म्हटलं आणि व्हाइट हाउसमधून त्यांना काढण्याची भाषा झाली. वाहिनीने तेव्हा कारवाई केली नाही. पुढच्या महिन्यात मात्र त्यांनी काउबॉइजच्या मालकांवरच्या वादात जाहिरातदारांचा विषय काढला आणि लगेच दोन आठवड्यांचं निलंबन झालं. देशाच्या अध्यक्षावरचं वाक्य चाललं, जाहिरातदारावरचं चाललं नाही. वर्षभरात हिल बाहेर होत्या. स्किपर यांनीही डिसेंबर २०१७ मध्ये व्यसनाचं कारण सांगून पद सोडलं. त्यांच्या जागी मार्च २०१८ मध्ये आलेले जिमी पिटारो यांनी खेळाशी थेट संबंध नसलेलं राजकारण पडद्यावरून दूर ठेवण्याचं धोरण घेतलं.

मायामीतून कार्यक्रम करणाऱ्या डॅन लेबटार्ड यांना ते मानवणारं नव्हतं. नोव्हेंबर २०२० मध्ये ३०० जणांची कपात झाली, त्यात त्यांचा निर्माता ख्रिस कोटी होता. लेबटार्ड यांनी त्याला स्वतःच्या खिशातून पगार देऊन परत कामावर ठेवलं. जानेवारी २०२१ मध्ये ते बाहेर पडले आणि त्यांनी नवी कंपनी काढली ती चक्क जॉन स्किपर यांच्याबरोबर. त्याच वर्षी निवेदिका रेचल निकोल्स यांचं सहकारी मारिया टेलर यांच्याविषयीचं खासगी संभाषण जुलैमध्ये उघड झालं. टेलर एनबीसीकडे गेल्या आणि निकोल्स यांचा कार्यक्रम बंद झाला.

आता पुन्हा २०२३ कडे पाहू. डिस्नीत सात हजार नोकऱ्या कमी करायच्या होत्या, जूनची यादी त्या हिशेबातून आली. पण त्याच वर्षी मे महिन्यात ईएसपीएनने माजी फुटबॉलपटू आणि कार्यक्रमाचे सूत्रधार पॅट मॅकफी यांच्याशी पाच वर्षांचा करार केला होता आणि त्याचा आकडा साडेआठ कोटी डॉलरच्या आसपास असल्याच्या बातम्या होत्या. आदल्या वर्षी फुटबॉल समालोचक जो बक आणि ट्रॉय एकमन फॉक्समधून आणले गेले, एकमन यांचं मानधन वर्षाला १.८ कोटी डॉलर असल्याचं छापून आलं. म्हणजे पैसा संपला नव्हता, तो वर सरकला होता. सामन्यांचे हक्क आणि चार-दोन तारे यांच्यासाठी पैसे आहेत, मधल्या फळीसाठी नाहीत. व्हॅन गंडी यांची जागा घेणारे डॉक रिव्हर्स हंगामाच्या मध्यातच मिलवॉकीच्या एनबीए संघाच्या प्रशिक्षकपदावर निघून गेले.

मॅकफींचा कार्यक्रम त्यांचीच कंपनी बनवते, वाहिनी तो फक्त परवान्यावर दाखवते. २०२५-२६ च्या हंगामापासून माजी बास्केटबॉलपटू चार्ल्स बार्कली आणि शकील ओनील यांचा 'इनसाइड द एनबीए'ही असाच आला, निर्मिती टीएनटी या दुसऱ्या वाहिनीची, पडदा ईएसपीएनचा. कुणीही वाहिनीपेक्षा मोठं नाही म्हणणाऱ्या घरात आता मोठी माणसं भाडेकरार करून राहतात.

सप्टेंबर २०२४ मध्ये वोजनारोवस्की यांनी वर्षाला सुमारे सत्तर लाख डॉलरचं काम सोडलं आणि आपल्या जुन्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघाचं व्यवस्थापन पत्करलं. आठवडाभरात झॅक लो यांना काढण्यात आलं. एनबीएचे डावपेच त्यांच्याइतके स्वच्छ समजावून सांगणारे लेखक फार नाहीत. 'ग्रँटलँड'मध्ये त्यांना सिमन्स यांनी आणलं होतं, आता ते सिमन्स यांच्याच 'रिंगर'मध्ये आहेत. आणि २३ मे २०२५ रोजी 'अराउंड द हॉर्न' संपलं. वेगवेगळ्या शहरांतल्या वृत्तपत्रांचे क्रीडा वार्ताहर रोज संध्याकाळी एकमेकांशी वाद घालायचे आणि टोनी रियाली त्यांना गुण द्यायचे, असा तो साधा कार्यक्रम तेवीस वर्षं चालला. त्याच्या वेळेत 'स्पोर्ट्ससेंटर' लावण्यात आलं.