मूत्रपिंडाचा गैरसमज

इंदूरच्या रामबागेत आमच्या शेजारी राहणाऱ्या काकांनी गेल्या महिन्यात एक गोळी परस्पर बंद केली. औषधवाला म्हणाला होता, "ही तर शुगरची." काकांना शुगर नाही. डिस्चार्जच्या कागदावर 'हार्ट फेल्युअर' लिहिलेलं, आणि ते वाचल्यापासून काकूंच्या घशाखाली घास उतरत नव्हता. 'फेल' म्हणजे नापास किंवा बंद, एवढंच आपल्याला ठाऊक. या आजारात हृदय चालू असतं. शरीराला हवं तेवढं रक्त मात्र त्याच्याकडून पुढे जात नाही.

पण मला या आजारातलं खरं नाट्य दिसतं ते मूत्रपिंडात.

इंदूरकरांना ते चटकन कळेल. आपलं नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर, पंपांच्या जोरावर घाट चढून येतं. समजा तिथला एक पंप दमला. नळाची धार बारीक झाली की गल्लीत बातमी पसरते, "नर्मदेत पाणीच नाही!" आणि घरोघरी टाक्या, पिंपं, पातेलीसुद्धा भरली जातात. नदी मात्र तुडुंब वाहत असते. हृदयाचा पंप दमला की मूत्रपिंड अशीच साठेबाजी करतं. फरक इतकाच, की शरीरात साठवलेलं पाणी फिरून त्याच दमलेल्या पंपाकडे येतं.

मूत्रपिंडात शिरणाऱ्या बारीक रोहिणीच्या भिंतीत काही पेशी दाबावर पहारा ठेवून असतात. दाब घटला की त्या रेनिन नावाचं विकर रक्तात सोडतात. यकृताने बनवलेल्या एका मोठ्या प्रथिनाचा तुकडा रेनिन तोडतं. हा अँजिओटेन्सिन-१, दहा अमिनो आम्लांचा, तसा गरीब बिचारा. मुख्यतः फुप्फुसांतल्या रक्तवाहिन्यांत 'एसीई' हे दुसरं विकर त्याची शेवटची दोन आम्लं छाटतं आणि अँजिओटेन्सिन-२ तयार होतं. हा एवढासा रेणू रक्तवाहिन्या आवळतो, तहान लावतो आणि मूत्रपिंडावर टोपीसारख्या बसलेल्या अधिवृक्क ग्रंथीला अल्डोस्टेरॉन सोडायला लावतो. अल्डोस्टेरॉनचा हुकूम असा, की मीठ बाहेर जाऊ द्यायचं नाही. मिठामागे पाणी आलंच: जादा ९ ग्रॅम मीठ अंगात अडकलं की जवळजवळ लिटरभर.

जखमेतून रक्त गेलं, जुलाब झाले, तर हीच साखळी जीव वाचवते. उत्क्रांतीने ती अशाच संकटांसाठी घडवली. म्हातारपणी दमलेला पंप तिच्या हिशेबातच नव्हता. म्हणून रक्त मुबलक असूनही शरीर दुष्काळ जाहीर करतं. पाय सुजतात, आडवं झालं की दम लागतो, आणि आवळलेल्या नळ्यांतून रक्त ढकलता ढकलता हृदय आणखी थकतं. दाब पुन्हा घटतो, रेनिन पुन्हा सुटतं.

ही साखळी तोडण्याचा धागा सापडला सापाच्या विषात. ब्राझीलच्या जराराका सापाच्या विषात एसीईला अडवणारे रेणू मिळाले. त्यांवरून स्क्विब कंपनीच्या कुशमन आणि ऑनडेट्टी यांनी कॅप्टोप्रिल घडवलं, आणि १९८१ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारात आलं. याच जातीच्या एनालाप्रिलची चाचणी १९८७ मध्ये प्रसिद्ध झाली. अगदी गंभीर अशा २५३ रुग्णांत, सहा महिन्यांत गोळीविना ४४ टक्के मृत्यू, गोळीसह २६ टक्के. काहींना या गोळीने कोरडा खोकला होतो, कारण एसीई ब्रॅडिकायनिन नावाच्या रेणूचीही विल्हेवाट लावतं आणि ते आता साठतं. नव्या सॅक्युबिट्रिल-व्हालसार्टन जोडगोळीतला व्हालसार्टन अँजिओटेन्सिन-२ला त्याच्या ग्राहीवरच, म्हणजे पेशीवर तो जिथे चिकटतो तिथेच, अडवतो. सॅक्युबिट्रिल नेप्रिलायसिन या विकराला रोखून, त्याच्या तावडीतून 'पाणी सोडा' सांगणारी हृदयाची स्वतःची संप्रेरकं टिकवतो. स्पायरोनोलॅक्टोन थेट अल्डोस्टेरॉनची वाट अडवतं.

अॅड्रेनलिनचा परिणाम अडवणाऱ्या बीटा ब्लॉकर गोळीचा किस्सा तर अजबच. कमजोर हृदयाला मंद करणारी गोळी द्यायची नाही, असा दंडक होता. १९७५ मध्ये स्वीडनमधल्या गॉथेनबर्गच्या फिन वागस्टाइन आणि सहकाऱ्यांनी ती सात रुग्णांना दिली, आणि ते सुधारले. अॅड्रेनलिनचा सततचा चाबूक थांबला की हृदय सावरतं, हे सर्वांना पटायला पुढे दोन दशकं लागली.

आता काकांची गोळी, डापाग्लिफ्लोझिन. तिचा पूर्वज सफरचंदाच्या झाडाच्या सालीतला. मूत्रपिंडात साखर आणि सोडियम हातात हात घालून रक्तात परततात. ती जोडी ही गोळी फोडते आणि दोन्ही लघवीतून जातात. एवढ्याने तिचा सगळा गुण उलगडत नाही, त्यावर अजून वाद चालू आहेत. पण २०१९च्या चाचणीत ४,७४४ रुग्णांपैकी निम्म्याहून अधिकांना मधुमेह नव्हता, आणि फायदा त्यांनाही झाला.

व्हॉट्सअॅपवर अर्जुनाच्या सालीचा काढा फिरतोच. 'सैंधव चालतं' हे त्याहून घातक, कारण सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं. स्पायरोनोलॅक्टोनबरोबर ते रक्तात इतकं वाढू शकतं की हृदयाचा ठोकाच बिघडावा.

काकांना मी हे सगळं पोह्यांच्या बशीसमोर ऐकवलं. गोळी पुन्हा सुरू करायची का, हे डॉक्टरांना विचारायला ते कबूल झाले. मग पोह्यांवर भुरभुरायच्या जिरावण मसाल्याची डबी उचलून म्हणाले, "यात तर फक्त काळं मीठ आहे ना?"