पुरातून सुटलेली म्हैस आणि तिचे कोटीपोट

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांतील नदीकाठच्या गावांतून तेव्हा माणसांबरोबर गाईम्हशीही बाहेर काढाव्या लागल्या. म्हैस मुळात चांगली पोहणारी असल्यामुळे वेळेवर दावे कापले तर तिच्या वाचण्याची आशा असते, दावणीला बांधलेली मात्र जागीच बुडते. पण जनावर कोरड्या जमिनीवर आले म्हणजे संकट टळले, ही समजूत कोणत्याही पशुवैद्याला पटणार नाही.

पुरातून आणलेली जनावरे ठेवतात त्या छावणीतला पहिला धोका दयाळू माणसांकडून येतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या कोटीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, चाऱ्यातील तंतू पचवणारे असंख्य सूक्ष्मजीव असतात, आणि दोनतीन दिवस उपास घडला की त्यांची संख्या घटते. अशा वेळी कोणी कळवळून घमेलेभर भात, पीठ किंवा शिळ्या भाकऱ्या पुढे ठेवल्या, तर त्यांतील पिष्ट झपाट्याने आंबते, लॅक्टिक आम्ल साचते आणि एरवी ६ ते ७ च्या दरम्यान असणारा कोटीपोटाचा सामू (पीएच) साडेपाचच्याही खाली घसरतो. मग रक्तातले पाणी पोटात ओढले जाते, रवंथ थांबतो, जनावर बसून राहते आणि वेळेत उपचार न झाल्यास दगावते. म्हणून आधी स्वच्छ पाणी, मग थोडा थोडा कडबा किंवा वाळलेले गवत, आणि पेंड काही दिवसांनी, हळूहळू वाढवत, हा क्रम पाळावा लागतो.

ऊसपट्ट्यात आणखी एक अडचण असते. तेथे हाताशी सर्वांत आधी येणारा चारा म्हणजे उसाचे वाढे (शेंड्याकडचा हिरवा पाला), आणि त्यात ऑक्झॅलेट भरपूर असते. ते शरीरातील कॅल्शियमला बांधून टाकते. एरवी कोटीपोटातील सूक्ष्मजीव त्याचा बराचसा निकाल लावतात. उपाशी जनावरात तेच कमी झालेले असल्यामुळे, विशेषतः नुकत्याच व्यालेल्या म्हशीत, कॅल्शियमची कमतरता लवकर उद्भवू शकते. वाढ्यांवर चुन्याची निवळी शिंपडण्याचा सल्ला यासाठीच दिला जातो.

पोहताना नाकातोंडातून गाळाचे पाणी फुप्फुसात गेले असेल, तर ताप, धाप आणि नाकातील स्राव ही लक्षणे काही वेळा एकदोन दिवसांनी दिसतात. धापा टाकणाऱ्या अशा जनावराची जीभ ओढून, मान वर करून औषधाचा ढोसा पाजणे म्हणजे फुप्फुसात आणखी द्रव ओतण्याची सोय करणे होय.

पाण्यात भिजून मऊ झालेले खूर चिखलात लवकर कुजतात. ते धुऊन, कोरडे करून, पोटॅशियम परमँगनेटच्या फिक्या द्रावणाने साफ करावे लागतात. दूध संकलन बंद पडले तरी धार काढणे थांबवता येत नाही, कारण तुंबलेली कास सुजते.

सर्वांत घातक रोग घटसर्प, म्हणजे गुरांचा घसा सुजवणारा जिवाणूजन्य रोग. त्याचे जिवाणू काही निरोगी दिसणाऱ्या जनावरांच्या घशात दडून असतात. भूक, थंडी, प्रवास आणि गर्दी यांचा ताण पडला की ते उसळतात. गाईपेक्षा म्हैस याला अधिक बळी पडते आणि एकदोन दिवसांतच मरू शकते. लसीने प्रतिकारशक्ती यायला सुमारे दोन आठवडे लागत असल्याने छावणीत टोचलेली लस लगेच कामी येत नाही. ती पावसाळ्यापूर्वीच द्यायला हवी. छावणीत त्यामुळे भर असतो तो रोज ताप पाहण्यावर आणि घशाला सूज आलेले जनावर तत्काळ वेगळे बांधण्यावर.

लेप्टोस्पायरोसिस या रोगाचे जिवाणू उंदरांच्या आणि बाधित गुरांच्या मूत्रातून पाण्यात मिसळतात आणि भिजलेल्या, खरचटलेल्या त्वचेतून माणसाच्याही शरीरात शिरतात. त्यामुळे शेणमूत काढणाऱ्याच्या पायांत गमबूट असणे हाही छावणीतील वैद्यकीय व्यवस्थेचाच भाग ठरतो.