लाल अक्षरं सगळ्यात लांबून वाचता येतात?

पोस्टर करायला बसलं की एक सल्ला हमखास फिरतो: लाल रंगाची तरंगलांबी सर्वांत जास्त, म्हणून लाल अक्षरं सर्वांत लांबून वाचता येतात.

तरंगलांबीची गोष्ट खरी आहे. लाल रंग नजर खेचतो, हेही खरं. पण नजर जाणं वेगळं आणि वाचता येणं वेगळं. वाचन ठरतं अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातल्या उजेड-अंधाराच्या फरकावर. हिरव्या पट्टीवर लाल अक्षरांत ‘पाणी साचू देऊ नका’ छापलं, तर दोन्ही रंग जवळपास सारखेच गडद पडतात आणि मात्रा-वेलांट्या आधी हरवतात. लाल-हिरवा भेद न दिसणाऱ्यांना तर ती ओळ सापडणंही कठीण. संधिप्रकाशात डोळ्याला लाल रंग आणखी काळवंडलेला दिसतो, आणि पोस्टर ठाणे स्टेशनच्या पुलासारख्या जागी लागणार असेल, तर तिथे खरी गर्दी असते ती नेमकी त्याच वेळी. शिवाय साध्या छपाईतली लाल छटा उन्हात लवकर विटते.

पडताळणी सोपी आहे. पोस्टरचा मोबाइलवर फोटो काढा आणि तो कृष्णधवल करा. अक्षरं करड्यात विरघळली, तर रंगजोडी चुकली. मग पोस्टर जिथे लागणार तिथेच, दिवेलागणीला, दहा मीटरवरून वाचून पाहा. तेवढ्या अंतरासाठी अक्षराची उंची साधारण आठ सेंटीमीटर ठेवा, आणि ओळींमध्ये उकार-वेलांट्या एकमेकांना भिडणार नाहीत इतकी जागा.

पिवळ्यावर काळा किंवा पांढऱ्यावर गडद निळा मजकूर घ्या. लाल रंग एखाद्या चिन्हापुरता पुरे.