छातीतील जळजळीसाठी पूरके घेताना: एका वेळी एकच नवी वस्तू

छातीत जळजळ, आंबट ढेकरा आणि घशाशी येणे या तक्रारी घेऊन आमच्याकडे येणारे ग्राहक सहसा या विषयात नवखे नसतात. त्यांनी हा त्रास कित्येक महिने, काहींनी कित्येक वर्षे, काढलेला असतो; ओमेप्राझोल आणि पँटोप्राझोल या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्यांची नावे त्यांना तोंडपाठ असतात आणि काय खाल्ले की त्रास वाढतो हेही त्यांना ठाऊक असते. त्यांचा आम्हाला पहिला प्रश्न असतो, “तुम्ही विकता त्या पूरकांतले नेमके कोणते घेऊ?” काही आठवड्यांनी ते परत येतात तेव्हा तक्रारही ठरलेली असते: “सगळे घेऊन पाहिले, कशाचाच उपयोग झाला नाही.” हे पत्रक त्या तक्रारीमुळे लिहिले आहे, कारण ती टाळणे बहुतेक वेळा ग्राहकाच्या हातात असते.

“सगळे घेऊन पाहिले” म्हणजे काय केले, असे विचारल्यावर बहुधा पुढील हकीकत कळते. ज्येष्ठमधाच्या गोळ्या, कोरफडीचा रस, आल्याच्या कॅप्सूल आणि मॅग्नेशियम हे सारे एकाच सकाळी सुरू केलेले असते. आता नैसर्गिक उपाय करायचा म्हणून डॉक्टरांनी दिलेली गोळी त्याच सकाळी बंद केलेली असते. आणि निश्चय केलाच आहे तर म्हणून रात्रीचे जेवणही लवकर आणलेले असते. पंधरा दिवसांनी बरे वाटले तर ते कशामुळे, हे कोणालाच सांगता येत नाही, आणि ग्राहक चारही वस्तू विकत घेत राहतो. पोट बिघडले तर दोष कोणाचा हेही कळत नाही, आणि कदाचित उपयोगी पडली असती अशी वस्तू बाकीच्यांबरोबर कचऱ्यात जाते. दोन्ही परिस्थितींत खर्च झालेला वेळ वाया जातो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

यात सर्वांत महाग पडते ते गोळी अचानक बंद करणे. ओमेप्राझोलच्या वर्गातील औषधे जठरातील आम्ल तयार करणारे पंप बंद ठेवतात. आम्ल कमी पडते आहे हे जाणवून शरीर गॅस्ट्रिन हे संप्रेरक अधिक प्रमाणात सोडू लागते, आणि गोळी बंद होताच तो साठलेला जोर बाहेर पडून काही आठवडे आम्ल पूर्वीपेक्षाही जास्त तयार होते. डेन्मार्कमध्ये 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मुळात कोणताही त्रास नसलेल्या निरोगी व्यक्तींना 8 आठवडे याच वर्गातील इसोमेप्राझोल देऊन नंतर ते थांबवले गेले. त्यानंतरच्या आठवड्यांत त्यांच्यापैकी 44 टक्के जणांना जळजळीसारखी लक्षणे जाणवली, तर औषधाऐवजी सुरुवातीपासून निष्क्रिय गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण 15 टक्के होते. ज्यांना त्रासच नव्हता त्यांची ही स्थिती, तर जुना त्रास असलेल्याने गोळी एका दिवसात सोडून त्याच दिवशी आमचे पूरक सुरू केले, तर पहिल्या पंधरवड्यात उसळणारी जळजळ पूरकाच्या नावावर जमा होणारच. म्हणून आमची विनंती आहे की गोळी चालू ठेवूनच पूरक सुरू करावे. गोळी कमी करायची असल्यास ती कशी आणि किती दिवसांत कमी करावी, हे डॉक्टरांनी ठरवावे. अन्ननलिकेला जखमा झालेल्यांना, बॅरेट (आम्लामुळे अन्ननलिकेच्या अस्तरात झालेला बदल) हे निदान झालेल्यांना, किंवा रोजच्या वेदनाशामक गोळ्यांपासून जठराचे रक्षण व्हावे म्हणून ही औषधे घेणाऱ्यांना ती मुळीच बंद करू नका असेही सांगितलेले असू शकते.

याच कारणासाठी आम्ही या तक्रारीसाठी एका ग्राहकाला एका वेळी एकच नवी वस्तू देतो आणि तीही सर्वांत लहान पाकिटात. “आम्ही पैसे देतो आहोत, मग तुम्हाला काय हरकत?” असे काही जण रागाने विचारतात, आणि चार वस्तूंचा संच इतरत्र सहज मिळतो हेही खरे आहे. परंतु संच विकला की ग्राहकाला उत्तर मिळत नाही, आणि उत्तर न मिळालेला ग्राहक सर्वच पूरकांवरचा विश्वास गमावून बसतो, हे आम्ही वारंवार पाहिले आहे. एक वस्तू साधारण दोन ते चार आठवडे घ्यावी, त्या काळात जेवणाच्या वेळा आणि औषधे बदलू नयेत, आणि मगच पुढच्या वस्तूकडे वळावे, ही आमची पद्धत संथ वाटते. पण तिच्यात एकदा मिळालेले उत्तर पुन्हा शोधावे लागत नाही.

सुरुवात कशापासून करावी, असे विचारल्यास आमचे उत्तर बहुधा अल्जिनेट हे असते. हा समुद्री शेवाळापासून मिळणारा पदार्थ असून अनेक ठिकाणी तो औषध म्हणूनच विकला जातो. जेवणानंतर जठरात अन्नाच्या वरच्या बाजूस ताज्या आम्लाचा एक थर साचतो, आणि अन्ननलिकेच्या तळाची झडप सैल पडली की वर येतो तो मुख्यतः हाच थर. बायकार्बोनेटसह असलेले अल्जिनेट आम्लाशी संपर्क येताच घट्ट होते, त्यात वायूचे बुडबुडे अडकतात, आणि तयार झालेला हलका तराफा अन्नावर तरंगत त्या थराला झाकून ठेवतो. हे समजले की ते जेवणानंतर आणि झोपण्यापूर्वी का घ्यायचे हेही आपोआप कळते. रिकाम्या पोटी घेतलेले अल्जिनेट तरंगायला आधार न मिळाल्याने लवकरच पुढे निघून जाते, आणि आमच्याकडे “उपयोग नाही” म्हणून परत आलेल्या बाटल्यांपैकी पुष्कळशा सकाळी उठल्याबरोबर घेतलेल्या असतात. घेतल्यानंतर लगेच काही खाऊ-पिऊ नये. याचा परिणाम दिसायला आठवडे लागत नाहीत, काही दिवसांतच अंदाज येतो. त्यात सोडियम असते, त्यामुळे रक्तदाब, हृदय किंवा मूत्रपिंड यांचा विकार असलेल्यांनी आधी डॉक्टरांना विचारावे.

ज्येष्ठमधाची मागणी सर्वांत जास्त असते आणि गैरसमजही त्याच्याविषयीच सर्वांत जास्त असतात. साध्या ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असते. ते दीर्घकाळ घेतल्यास रक्तदाब वाढू शकतो आणि रक्तातील पोटॅशियम घटू शकते. या कामासाठी आम्ही ग्लिसिरायझिन काढून टाकलेले ज्येष्ठमध ठेवतो, ज्याच्या वेष्टनावर डीजीएल असे लिहिलेले असते. त्याच्या गोळ्या चावून खाण्यासाठी बनवलेल्या असतात, पाण्याबरोबर गिळण्यासाठी नव्हे. जळजळीवर त्याचा उपयोग होतो असे सांगणारा पुरावा अल्जिनेटइतका भक्कम नाही, हे आम्ही विकतानाच सांगतो. तरीही काही ग्राहकांना त्याने आराम पडतो आणि ते पुन्हा मागतात. स्लिपरी एल्मसारख्या बुळबुळीत वनस्पतींचे चूर्ण घशाला थंडावा देते, पण ते इतर औषधांचे शोषण लांबवू शकते, म्हणून दोन्हींत किमान दोन तासांचे अंतर ठेवावे. मेलाटोनिन या झोपेशी संबंधित संप्रेरकावर थोडे आणि लहान अभ्यास झाले आहेत. ते घेतल्यावर झोप येते, त्यामुळे ते रात्रीच घ्यावे व त्यानंतर वाहन चालवू नये. आल्याने पोट हलके वाटते, परंतु जास्त मात्रेत तेच आले जळजळ करते.

काही वस्तू मागूनही आम्ही या तक्रारीसाठी देत नाही. पेपरमिंट तेल आतड्यांच्या मुरड्यावर चांगले असले तरी ते अन्ननलिकेची झडप अधिक सैल करते. बीटेन हायड्रोक्लोराइड जठरात आम्लाची भर घालते, आणि अल्सर असलेल्याने किंवा वेदनाशामक गोळ्या घेणाऱ्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. व्हिनेगरने जळजळ शमते हा समज सर्वत्र पसरलेला आहे. त्याला आधार देणारा चांगला पुरावा नाही, दातांवरचे आवरण मात्र त्याने झिजते.

नवे पूरक घेण्याआधी घरात चालू असलेली पूरके एकदा तपासावीत, हे आम्ही आग्रहाने सांगतो. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, जीवनसत्त्व क, लोह आणि पोटॅशियम यांच्या गोळ्या स्वतःच छातीत जळजळ निर्माण करू शकतात. विशेषतः घोटभर पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास गोळी अन्ननलिकेत अडकून तेथे जखमही होऊ शकते. पेलाभर पाणी प्यावे आणि अर्धा तास तरी आडवे होऊ नये. जेवण, गोळ्या आणि जळजळ यांची रोज नोंद करण्यासाठी आम्ही नोंदपत्र देतो; आमच्या एका ग्राहकाच्या नोंदपत्रात “रात्री 11, जळजळ, कडवट ढेकर” ही ओळ रोज होती, फक्त ते प्रवासाला गेले होते त्या चार रात्री ती नव्हती. प्रवासात झोपतानाची माशाच्या तेलाची कॅप्सूल घरीच राहिली होती. ती त्यांनी दुपारच्या जेवणासोबत घेण्यास सुरुवात केली, आणि नव्या वस्तूची गरज उरली नाही. त्या दिवशी आम्ही काही विकले नाही, पण असे उत्तर आम्हाला विक्रीइतकेच मोलाचे वाटते.

कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलेली आम्लशामके थायरॉइडच्या गोळीचे शोषण कमी करतात, म्हणून दोन्हींत चार तासांचे अंतर असावे; काही प्रतिजैविके आणि लोह यांच्या बाबतीतही अशीच काळजी घ्यावी लागते. मूत्रपिंडाचा विकार असल्यास मॅग्नेशियम डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. गरोदर व स्तनदा मातांना यांपैकी कोणतीही वस्तू आम्ही डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय देत नाही.

गिळताना घास अडकणे, विनाकारण वजन घटणे, रक्ताची उलटी, काळे शौच किंवा रक्तक्षय यांपैकी काहीही असल्यास पूरकांची परीक्षा करण्यात एक दिवसही घालवू नये, डॉक्टरांकडे जावे. छातीतील दुखणे हातात, जबड्यात किंवा पाठीत जात असेल, दम लागत असेल किंवा घाम फुटत असेल, तर ती जळजळ समजून थांबू नये आणि तातडीची मदत घ्यावी.

पलंगाची डोक्याकडची बाजू 15 ते 20 सेंटीमीटर उंच करणे, डाव्या कुशीवर झोपणे आणि जेवण व झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवणे यांसाठी आमच्याकडून काहीच घ्यावे लागत नाही, आणि यांचा परिणाम बऱ्याच पूरकांहून चांगला असतो. हे बदलही पूरकासोबत एकाच दिवशी न करता आधी करून पाहावेत. त्यानंतर जो त्रास उरेल त्यावर पूरक निवडणे सोपे जाते.

नोंदपत्र आम्ही विनामूल्य देतो. त्यात जेवणाची वेळ, झोपेची वेळ, घेतलेली प्रत्येक गोळी आणि जळजळीची तीव्रता एवढेच लिहायचे असते. पहिला आठवडा कोणतीही नवी वस्तू न घेता भरावा, म्हणजे तुलनेला आधार मिळतो. सील न उघडलेले पाकीट आम्ही परत घेतो. सल्ल्यासाठी येताना भरलेले नोंदपत्र आणावे, आणि घरात चालू असलेली सर्व औषधे व पूरके, किरकोळ वाटणारी जीवनसत्त्वाची गोळीसुद्धा, मूळ वेष्टनासह सोबत आणावीत.